गर्दीतून दिंडी ओळखावी तशी

आकाशगंगेचं केंद्र सोलापुरातून दिसतं का, असं दर उन्हाळ्यात मला कुणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. त्याची जागा दिसते, केंद्र दिसत नाही. विंचवाच्या नांगीच्या वर आणि धनूच्या बाणाच्या टोकापासून थोडं पश्चिमेला बोट ठेवायचं. त्या दिशेला सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आपल्या दीर्घिकेचं केंद्र आहे, आणि मध्ये धुळीचे ढग आहेत. त्या धुळीच्या आड, ताऱ्यांच्या अफाट गर्दीत, काही अंधुक तारकागुच्छ दडले आहेत. गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेले लाखो तारे, त्यातले बरेचसे दहा-बारा अब्ज वर्षांचे जुने. यांना बंदिस्त तारकागुच्छ म्हणतात. आपल्या दीर्घिकेत असे दीडशेहून अधिक गुच्छ माहीत आहेत. केंद्राकडचे मात्र फार उशिरा हाती लागले, आणि त्यांचा शोध अजून संपलेला नाही.

मी सोलापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वडील यंत्रमागावर होते. गेली अठरा वर्षं मी आकाशाचा हाच एक तुकडा पाहतो आहे, आधी सहा इंची दुर्बिणीतून आणि आता बारा इंची. विजापूर रस्त्यानं मंद्रूपच्या पुढं एका शाळासोबत्याची वस्ती आहे. तिथं शहराचा उजेड पाठीशी, उत्तरेला राहतो आणि समोर दक्षिणेचं आकाश काळं मिळतं. त्या अंगणात जे शिकलो, ते क्रमानं सांगतो.

१. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे

अंधाऱ्या रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यात काळे डाग दिसतात. लहानपणी मला ती भोकं वाटायची, तिथं तारेच नाहीत असं वाटायचं. एकेकाळी मोठमोठ्या निरीक्षकांनाही तसंच वाटलं होतं. अमेरिकेतल्या बर्नार्ड यांनी वर्षानुवर्षं आकाशगंगेची छायाचित्रं घेतली आणि १९१९ साली अशा १८२ काळ्या जागांची यादी छापली. पुढं १९३० साली ट्रम्पलर यांनी खुल्या, म्हणजे सैलसर बांधलेल्या तारकागुच्छांची मोजमापं करून दाखवलं, की दूरचे गुच्छ अंतराच्या हिशेबापेक्षाही अधिक मंद दिसतात. म्हणजे वाटेत काहीतरी प्रकाश गिळतं आहे. ती धूळ होती.

ही धूळ किती गिळते? केंद्राकडून आपल्या दिशेनं निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांतला जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री पुन्हा अंगणात जाऊन त्या काळ्या जागेकडं बराच वेळ पाहत राहिलो. आकाशातली सगळ्यात दाट वस्ती नेमकी तिथं आहे, जिथं आपल्याला रितेपण दिसतं. तेव्हापासून कुठल्याही रिकाम्या जागेला रिकामी म्हणण्याआधी मी थांबतो.

२. आपली जागा काय देते ते ओळखा, पण जागेचा बहाणा करू नका

सोलापूरला निसर्गानं पाणी कमी दिलं, आकाश मात्र भरपूर दिलं. आपलं शहर १७.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं आकाशगंगेचं केंद्र माथ्याच्या रेषेवर येतं तेव्हा दक्षिण क्षितिजापासून ४३ अंश वर असतं. लंडनहून ते दहा अंशही वर चढत नाही. उंची जास्त म्हणजे मधला हवेचा थर पातळ. त्यात आपला पर्जन्यछायेचा प्रदेश, कोरडी हवा.

वेळ मात्र साधावी लागते. केंद्र एप्रिलच्या अखेरीला पहाटे चारच्या सुमारास सर्वांत उंच असतं, मेच्या मध्यावर पावणेतीनला. जूनमध्ये ते मध्यरात्री माथ्याच्या रेषेवर येतं, आणि तेव्हाच पाऊस येतो. शेतकऱ्याच्या अंगणात बसून ढगांना नावं ठेवता येत नाहीत, ठेवूही नयेत. आम्ही मे महिना धरतो आणि मग ऑक्टोबर. पावसानं हवा धुऊन निघालेली असते आणि दिवेलागणीनंतर नैऋत्येला तासभर हा भाग पाहता येतो.

आपल्या जागेचं कौतुक करताना मला आगोप तेरझान आठवतात. हे आर्मेनियन वंशाचे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. १९६० च्या दशकात त्यांनी दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून या भागाची छायाचित्रं घेतली. तिथून केंद्र फार तर १७ अंश वर येतं, म्हणजे झाडांच्या शेंड्यांपासून फारसं वर नाही. तरीही केंद्राच्या रोखानं दडलेले अकरा बंदिस्त गुच्छ आज त्यांच्या नावानं ओळखले जातात. १७ अंशांवरून एक माणूस एवढं शोधू शकला, मग ४३ अंश लाभलेल्यांनी तक्रार कशाची करायची?

३. भिंत फुटत नसेल तर विरळ वीण शोधा

माझे वडील चादर उतरली की ती उजेडापुढं धरायचे. धागा सुटला असेल, वीण विरळ झाली असेल, तिथून उजेड झिरपायचा. आकाशातल्या धुळीचं कापडही सगळीकडं सारखं विणलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर माउंट विल्सन वेधशाळेतल्या वाल्टर बाडे यांना दीर्घिकेच्या केंद्राजवळचे तारे पाहायचे होते. नेमक्या केंद्राकडं पाहणं व्यर्थ होतं. म्हणून त्यांनी जवळपास कुठं धूळ विरळ आहे ते शोधलं. केंद्रापासून सुमारे चार अंशांवर, एनजीसी ६५२२ या गुच्छाभोवती, त्यांना तशी जागा सापडली. आज तिला ‘बाडेची खिडकी’ म्हणतात. त्या खिडकीतून केंद्रालगतचे जुने तारे दिसतात, आणि त्यांच्यावरून केंद्राजवळच्या वस्तीचं वय आणि घडण समजली.

ही खिडकी सोलापूरकराला सहज सापडते. धनूतले ठळक तारे जोडले की चहाच्या किटलीसारखा आकार होतो. किटलीच्या तोटीचं टोक म्हणजे गॅमा धनू हा तारा, धनूच्या बाणाचं टोकही तोच. त्याच्या वायव्येला, पूर्णचंद्राच्या रुंदीपेक्षा थोड्याच अधिक अंतरावर, एनजीसी ६५२२ आणि त्याच्या शेजारी एनजीसी ६५२८ असे दोन धूसर ठिपके आहेत. विल्यम हर्शल यांनी ते १७८४ मध्ये नोंदवले. कमी वर्धनाच्या नेत्रिकेत तारा आणि दोन्ही गुच्छ एकाच वेळी मावतात. नवख्या माणसाला मी नेहमी इथूनच सुरुवात करायला सांगतो. माहीत असलेल्या ठळक ताऱ्यापासून एकेक पाऊल टाकत अंधुकाकडं जायचं. सरळ अंधारात उडी मारली की वाट हमखास चुकते.

४. डोळ्याला शिकवावं लागतं

पालोमार ६ या गुच्छानं मला सगळ्यात जास्त शिकवलं. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेनं १९५० च्या दशकात आकाशाचं जे छायाचित्र-सर्वेक्षण केलं, त्यातून पंधरा अंधुक बंदिस्त गुच्छ पुढं आले. त्यांतला हा सहावा. धनूत एक्स नावाचा एक तारा आहे, सात दिवसांच्या फेऱ्यात त्याचं तेज कमी-जास्त होतं. त्याच्या वायव्येला दोन अंशांच्या आतच पालोमार ६ आहे.

पहिल्या मे महिन्यात तीन रात्री गेल्या. नकाशा बरोबर, जागा बरोबर, दिसलं काहीच नाही. चुका हळूहळू कळत गेल्या. दिवसभर ४२ अंशांत तापलेला आरसा मी अंधार पडल्या पडल्या वापरायला घेत होतो. तापलेल्या आरशावरून गरम हवा हलत राहते आणि अंधुक डाग त्या हलण्यात विरघळून जातो. आता दुर्बीण संध्याकाळीच बाहेर काढून ठेवतो आणि मध्यरात्रीपर्यंत तिला निवू देतो. दुसरी चूक मोबाइलची. एकदा पडदा उजळला की डोळ्याला अंधाराची सवय व्हायला पुन्हा अर्धा तास लागतो. नकाशा आता कागदावर असतो आणि विजेरीवर लाल कागद.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अंधुक वस्तूकडं रोखून पाहायचं नसतं. बुबुळाच्या अगदी समोरचा दृष्टिपटलाचा भाग अंधारात दुबळा असतो, त्याच्या कडेचा भाग तरबेज. म्हणून नजर किंचित बाजूला ठेवायची आणि लक्ष मात्र मध्ये. चौथ्या रात्री, पावणेतीनच्या सुमारास, मी दुर्बिणीच्या नळीला बोटानं हलकी टिचकी मारली. दृश्य थरथरलं आणि त्या थरथरीत ताऱ्यांमागं एक फिकट डाग त्यांच्यासोबत हलला. हात काढला, तो विझला. पुन्हा टिचकी, पुन्हा तो डाग. लाखो सूर्यांचा तो संसार मला नखाएवढ्या धुक्यासारखा दिसला, आणि डोळे भरून आले.

५. ‘दिसलं नाही’ हेही वहीत लिहा

माझ्या जुन्या वह्यांत फक्त यश आहे. ती माझी चूक होती. न दिसलेल्याची नोंद नसल्यामुळं मी तीच जागा त्याच चुकीच्या वेळी तीन-तीनदा शोधत बसलो. आता प्रत्येक रात्रीची नोंद ठरलेली : तारीख, वेळ, हवा, चंद्र, नेत्रिका, कुठं पाहिलं, काय दिसलं, काय दिसलं नाही.

मित्राची मुलगी तेरा वर्षांची आहे. ती जन्मली तेव्हा मूळ नक्षत्र होतं, म्हणून घरात काळजीची कुजबुज झाली होती. तिच्या आजीला मी अंगणात नेऊन विंचवाची नांगी दाखवली. म्हटलं, “आजी, ते बघा मूळ. आपल्या सगळ्या आकाशगंगेचं केंद्र पंचांगातल्या मूळ नक्षत्राच्याच भागात येतं. ज्या दिशेला एवढं मोठं घर आहे, ती दिशा वाईट कशी असेल?” आजी बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग पोरगी घरच्या दाराशीच आली की.” नाव आणि केंद्राची जागा जुळणं हा योगायोग असेल, पण त्या अंगणातली कुजबुज त्या रात्री थांबली.

तीच मुलगी आता माझ्यासोबत वही लिहिते. मागच्या उन्हाळ्यात एका जागी अर्धा तास पाहून तिनं लिहिलं, ‘काही दिसलं नाही. ढग नव्हता. परत बघणार.’ विज्ञानाची वही अशीच असावी. नोंदी नीट नसल्या की मोठ्यांचीही गफलत होते. तेरझान यांच्या यादीतला अकरावा गुच्छ म्हणजे त्यांचाच पाचवा गुच्छ पुन्हा मोजला गेला होता, हे नंतर ध्यानात आलं. म्हणून त्या नावांत १२ वा क्रमांक आहे, पण गुच्छ अकराच.

६. गर्दी आणि दिंडी यांतला फरक ओळखा

एका वर्षी मी सोबत्यांना मोठ्या आनंदानं कळवलं, की तेरझान ५ दिसला. दुसऱ्या रात्री नकाशा ताडून पाहिला, तर मी पाहिलेली जागा अर्धा अंश बाजूला होती. तिथं आठ-दहा मंद तारे योगायोगानं जवळ दिसत होते, एवढंच. मी सगळ्यांना चूक कळवली. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हे शिकायला मला एक उन्हाळा लागला. दिसल्यासारखं वाटणं म्हणजे असणं नव्हे, हे शिकायला कितीतरी वर्षं.

हीच अडचण मोठ्या वेधशाळांनाही येते. चिलीतल्या पारानाल इथं ४.१ मीटर आरशाची व्हिस्टा दुर्बीण आहे. २०१० पासून तिनं आकाशगंगेच्या मध्यभागाचं अवरक्त प्रकाशात सर्वेक्षण केलं. अवरक्त प्रकाश धुळीतून बराचसा पार होतो. दृश्य प्रकाशात जिथं लाख कोटींतला एक कण सुटतो, तिथं अवरक्तात दहा-पंधरांतला एक येतो. त्या छायाचित्रांतून २०११ मध्ये धुळीआडचे ९६ खुले गुच्छ आणि व्हीव्हीव्ही सीएल००१ हा बंदिस्त गुच्छ जाहीर झाला. पुढं अशा गुच्छांचे अनेक दावेदार पुढं आले, आणि तपासणीत त्यांतले बरेच गळाले. कुठं तारे निव्वळ दाटीनं जवळ दिसत होते. कुठं धूळ विरळ असल्यानं तेवढाच तुकडा उजळ वाटत होता.

मग खरा गुच्छ ओळखायचा कसा? आषाढीला पंढरपुरात उभं राहा. वाळवंटात लाखो माणसं. नुसत्या दाटीवरून कोण कुणाबरोबर आलं ते सांगता येत नाही. पण थोडा वेळ पाहत राहिलं की त्या गर्दीतून वीस-पंचवीस माणसं एकाच चालीनं, एकाच दिशेनं सरकताना दिसतात. मध्ये दहा अनोळखी माणसं घुसली तरी त्यांची चाल तुटत नाही. ती दिंडी. ताऱ्यांचंही असंच आहे. खऱ्या गुच्छातले तारे आकाशात एकत्र सरकतात, मधले-पुढचे परके तारे आपापल्या वाटेनं जातात.

हे सरकणं अतिशय सूक्ष्म असतं. युरोपच्या गाया यानानं २०१४ ते २०२५ अशी सुमारे साडेदहा वर्षं ते मोजलं. त्याच्या तिसऱ्या यादीत सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या नोंदी आहेत. जिथं धूळ इतकी दाट आहे की गायालाही दिसत नाही, तिथं व्हिस्टानं वर्षानुवर्षं घेतलेली छायाचित्रं एकमेकांवर ठेवून चाल मोजतात. एका रात्रीचा फोटो गर्दी दाखवतो. दिंडी ओळखायला वर्षं लागतात.

७. एकाच डोळ्यावर विसंबू नका

काही गुच्छ माझ्या दुर्बिणीतून कधीच दिसणार नाहीत. लिलर १ हा त्यांतला एक. १९७० च्या दशकात आकाशाच्या त्या भागातून क्ष-किरणांचे झपाट्यानं होणारे स्फोट नोंदले गेले. ते नेमके कुठून येतात हे शोधताना विल्यम लिलर यांना त्या जागी धुळीआड दडलेला गुच्छ सापडला. आधी आवाज ऐकू आला, मग घर सापडलं, असं म्हणता येईल.

मला हुकलेला तेरझान ५ रेडिओ दुर्बिणींना मात्र भरभरून सापडला. २०२४ पर्यंत त्यात ४९ पल्सार माहीत झाले. पल्सार म्हणजे स्वतःभोवती भिरभिरणारे, अतिघन असे मृत तारे. त्यांतला एक सेकंदाला ७१६ फेऱ्या मारतो. रेडिओ लहरींना ही धूळ अडवत नाही.

आणि ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही घडते आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. तिच्या साह्यानं धनूतल्या एनजीसी ६६५२ या बंदिस्त गुच्छात एक नवा, जोडताऱ्याभोवती फिरणारा पल्सार सापडला आणि तो शोध २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा गुच्छ माझ्या बारा इंची दुर्बिणीतून दिसतो, मेसिए ६९ या गुच्छापासून अंशभरच आग्नेयेला. तो मी मुलांना दाखवतो आणि सांगतो, “तुम्ही जे धुकं बघताय, त्यातून येणारी टिकटिक जुन्नर तालुक्यातल्या दुर्बिणीनं ऐकली आहे.” त्या वाक्यानंतर मुलं नेत्रिकेवरून डोळा काढत नाहीत.

८. अंधार ही ठेव आहे

बाडे यांच्याच आयुष्यातली आणखी एक गोष्ट. युद्धकाळात लॉस एंजेलिसचे दिवे मालवले गेले. त्या अंधाराचा उपयोग करून त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे वेगवेगळे टिपले आणि ते संशोधन १९४४ मध्ये छापलं. दुर्बीण तीच होती. अंधार वाढला, म्हणून ज्ञान वाढलं.

अठरा वर्षांत आमच्या अंगणातून उत्तरेचं आकाश फिकं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. दक्षिण अजून शाबूत आहे. ती राखणं अवघड नाही. आपल्याच राज्यातला पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. तिथं दिवे काढून टाकून लोकांना अंधारात बसवलेलं नाही. दिव्यांचा उजेड जमिनीवर, गरजेपुरता पडेल अशी व्यवस्था केली आहे. गावात विजेचे नवे खांब उभे राहतील तेव्हा दिव्याला वरून टोपी आणि उजेड पिवळसर, एवढा ठराव कुठलीही ग्रामपंचायत करू शकते. विजेची बचत होईल ती वेगळीच.

माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. येत्या मे महिन्यात, अमावस्येच्या आगेमागे, शहराच्या दक्षिणेला एखाद्या माळावर रात्री दोननंतर जा. दुर्बीण नसली तरी चालेल, साधी द्विनेत्री पुरे. अर्धा तास दिवा लावू नका. धनूच्या बाणाचं टोक शोधा आणि त्याच्या वायव्येला, नजर किंचित बाजूला ठेवून, सावकाश पाहा. दिसलं तर तारीख घालून लिहा. दिसलं नाही, तर तेही लिहा, आणि पुढच्या अमावस्येला परत जा.